न तुटणाऱ्या सुराचा माणूस

त्याला सगळे भाता म्हणत. लोहाराच्या भट्टीला वारा घालतो, तो भाता. आईबापांनी नाव दुसरंच ठेवलं होतं, चांगलं खणखणीत, पण ते वापराविना पडून गंजलं. बायकोसुद्धा चिडली की "अहो भाते" म्हणायची, आणि मग तिचं तिलाच हसू फुटून रागाचा विचका व्हायचा.

भाता सॅक्सोफोन वाजवायचा. एका हॉटेलाच्या तळघरात संध्याकाळी जॅझची मैफल असायची, तिथे. अरुंद जिना, खाली उतरताना खांदा भिंतीला घासणारच. भिंतीवर तेवढा पट्टा माणसांच्या खांद्यांनी गुळगुळीत होऊन चमकत होता. खाली खिडकी नाही. छताला लागून लोखंडी जाळी होती आणि तिच्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे बूट दिसायचे. चेहरा कधीच नाही, नुसते बूट. जन्मभर बूट शिवत बसलेल्या माणसानेही पाहिले नसतील तेवढे बूट भात्याने तिथे उभ्याने पाहिले. घाईचे, रेंगाळणारे, जोडीने जाणारे. कधी एखादा जोड जाळीपाशी थांबायचा आणि भात्याला वाटायचं, वर कुणीतरी ऐकतंय. पण बहुतेक वेळा तो माणूस नाडी बांधून पुढे गेलेला असायचा.

लोक यायचे ते भात्याच्या सुरासाठी. जिन्याच्या तोंडाशी पाटीच होती, 'न तुटणारा सूर'. बाकीच्यांची गाणी झाली की भाता पुढे यायचा, सॅक्सोफोन ओठांना लावायचा आणि एक सूर धरायचा. तो सूर चढायचा, उतरायचा, वळणं घ्यायचा, कधी पाण्यासारखा सपाट पसरायचा, पण तुटायचा नाही. माणूस आहे म्हटल्यावर कधीतरी श्वास घेणारच, या हिशेबाने लोक काटेचमचे खाली ठेवून वाट बघत बसायचे. भिंतीकडच्या टेबलावर एक नेहमीचं गिऱ्हाईक बसायचं, जाडजूड बोटांचं. ते मनगटावरचं घड्याळ उतरवून समोर ठेवायचं आणि सूर संपला की न्यायाधीशासारखी मान हलवायचं. त्याला सगळे घड्याळवाला म्हणत. भात्याने काय वाजवलं हे घड्याळवाल्याला विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. किती वेळ वाजवलं ते मात्र त्याने झोपेतही सांगितलं असतं.

यात जादू काही नव्हती. छातीतली हवा संपत आली की भाता गालांत हवा साठवायचा, जिभेने घशाची वाट बंद करायचा आणि गाल दाबून तीच हवा सॅक्सोफोनात ढकलायचा. तेवढ्या वेळात नाकातून नवा श्वास आत ओढायचा. आतली हवा बाहेर जातेय, बाहेरची आत येतेय, आणि मध्ये सूर बिचारा काही कळलंच नाही अशा चालीने चाललाय. सांगायला सोपं. करायला गेलात तर सूप पिताना ठसका लागावा तशी गत होते.

आणि यातली गंमत अशी, की भात्याने सूर धरला की त्याच्या मागचे सगळे चहाला जायचे. ड्रमवाला काठ्या खिशात खोचायचा, बासवाला आपलं भलंमोठं वाद्य भिंतीला टेकवायचा आणि पियानोवरून भात्याची आत्या उठायची. मागच्या दाराशी एक पायरी होती. तिच्यावर बसून तिघं चहा घ्यायची, पाय मोकळे करायची, मॅनेजरची नक्कल करून हसायची. वाढपीसुद्धा तेवढ्यात उभ्याउभ्या दोन घास खाऊन घ्यायचे. भाता श्वासाला थांबत नव्हता म्हणून बाकी सगळ्यांना उसंत मिळत होती. भात्याला एकट्याला तेवढी त्या पायरीची चव ठाऊक नव्हती. भरल्या तळघरात तो एकटा उभा असायचा, गळ्याशी घट्ट बटण लावलेल्या कोटात, आणि त्याला दोनच आवाज ऐकू यायचे. एक हाडांतून घुमणारा स्वतःचा सूर, दुसरा स्वतःच्या नाकातला सूंऽऽ असा वारा.

हा दम त्याला संगीताने दिला नव्हता. तो सोनाराच्या घरातला.

बाप सोनार होता. एक खोली, तिच्यात पाट, दिवा, शेगडी आणि बाप. दागिन्याचा सांधा जोडायचा तर दिव्याच्या ज्योतीवर फुंकणी धरायची आणि फुंकरीने ज्योतीची सुईसारखी अणी करून ती नेमकी सांध्यावर लावायची. मधला जोडाचा धातू पाण्यासारखा वाहेपर्यंत फुंकर हलता कामा नये. श्वास घ्यायला थांबलात की ज्योत लवते, सांधा काळा पडतो आणि सगळं काम पुन्हा पहिल्यापासून. म्हणून फुंकणीवरचा माणूस गालांनी फुंकायचा आणि नाकाने श्वास घ्यायचा. बापाला ते यायचं, बापाच्या बापाला यायचं. भात्याला हे कळत्या वयाच्या आधीच यायला लागलं. बापाचा एक हात कामात असायचा आणि दुसरा पोराच्या पाठीवर. ज्योत लवली की पाठीवरचा हात उचलायचा आणि परत पडायचा. फार जोरात नाही. पण पडायचा.

"हलली," एवढंच बाप म्हणायचा.

पुढे गल्लीतल्या सगळ्या सोनारांनी नळीची गॅसबत्ती घेतली. बटण फिरवलं की ज्योत तयार. बापाने घेतली नाही. माणसाच्या फुंकरीत जीव असतो, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. गिऱ्हाइकं मान डोलवून शेजारच्या दुकानात जायची. पोरगा दिवसभर दिव्यासमोर गाल फुगवून बसायचा, त्याच्या भुवया कायम जळालेल्या असायच्या, आणि खोलीचं दार वाऱ्याने ज्योत हलू नये म्हणून बंद.

त्या बंद दारावर एके दुपारी आत्याने लाथ मारली. खरंच लाथ, कारण हातात पेटी होती.

आत्या म्हणजे बापाची धाकटी बहीण. घरच्यांना न जुमानता एका सॅक्सोफोन वाजवणाऱ्याशी लग्न करून बसलेली, स्वतः पियानो वाजवणारी, आणि तेव्हा नुकतीच विधवा झालेली. नवऱ्याच्या छातीत दोष होता. शेवटी शेवटी त्याला जिना चढवत नव्हता. आत्या आत आली, भावाला म्हणाली, दार उघडं ठेव जरा, पोराचं तोंड चुलीतल्या बटाट्यासारखं झालंय. मग पेटी उघडून नवऱ्याचा सॅक्सोफोन पोराच्या मांडीवर ठेवला आणि त्याला फुंकायला सांगितलं. पोराने फुंकलं. पहिला आवाज गाढवाचा निघाला. पण तो थांबेचना. आत्या ऐकत राहिली, बाप ऐकत राहिला, दिव्यावर काजळी धरली, आणि पोरगा आपला मजेत नाकाने श्वास घेत फुंकतोच आहे.

"हा भाता मी नेते," आत्या भावाला म्हणाली.

बापाने पोराकडे पाहिलं नाही. दार तेवढं लावून घे जाताना, म्हणाला.

असा भाता एका खोलीतून निघून दुसऱ्या खोलीत आला. आत्याने त्याला बोटं शिकवली, ओठ शिकवले, लय शिकवली, आणि चुकला की बापासारखा हात न उगारता शब्दांनीच सोलून काढला. तिच्या जिभेला हाड नव्हतं. "अरे, सूर लावतोयस की दाराला कडी?" असं ती सगळ्यांसमोर विचारायची. भाता हसायचा. आत्याच्या बोलण्याने त्याला कधी जखम झाली नाही. झाली ती तिच्या न बोलण्याने.

ते असं झालं. आत्याने नवऱ्यासाठी एक धून बांधली होती, संथ, संध्याकाळी घरी परतणाऱ्या माणसाच्या चालीची. सॅक्सोफोनाची एक लांब ओळ, मग सॅक्सोफोन गप्प, मग पुन्हा ओळ. भाता तयार झाल्यावर तिने ती धून त्याच्यासमोर ठेवली. दोघांनी वाजवली. पहिली ओळ संपली, गप्प राहायची जागा आली, आणि भात्याने तो काही गप्प बसणारा नव्हे हे दाखवून दिलं. गाल भरले, नाकाने श्वास ओढला आणि ओळीचा शेवटचा सूर तसाच ताणून पुढच्या ओळीला नेऊन जोडला. सांधा दिसणार नाही असा. त्याला वाटलं, फाटलेलं आपण शिवून दिलं. वाजवून झाल्यावर तो आत्याकडे पाहत उभा राहिला, शाबासकीच्या आशेने.

आत्याने पियानोचं झाकण लावलं. छान दम आहे तुझा, म्हणाली. आणि ती धून पुन्हा कधी काढली नाही.

तो दम मॅनेजरने ऐकला आणि पाटी रंगवून घेतली. तेव्हापासून भात्याला धून म्हणून उरली नाही. नुसता सूर. सुरुवातीला ऊर भरून आला त्याचा. लोक उभे राहून टाळ्या वाजवत, बायको पहिल्या रांगेत बसून बाजूवालीला सांगे, आमचे आहेत ते. वर्षं गेली. टाळ्या तशाच राहिल्या, बायको यायची थांबली. गालांच्या कडा दुखायला लागल्या. घरी जेवताना तो घास चावतानाही नाकाने सूं सूं करी, आणि बायको म्हणे, अहो, ताटात कोणी घड्याळ लावलेलं नाही, सावकाश जेवा. त्याला एखादी साधी गोष्ट सांगायची असली तरी तो न थांबता सांगत सुटे, समोरच्याने हुंकार द्यायलासुद्धा फट ठेवत नसे. सोडून द्यावं असं मनात येई. पण सोडून जायचं कुठे? बापाची खोली केव्हाच दुसऱ्याची झाली होती. दुसरा धंदा येत नव्हता. आणि मागच्या पायरीवर चहा पिणारी माणसं होती. ड्रमवाल्याच्या पाठीत उसण, बासवाल्याचे गुडघे गेलेले, आत्या तर म्हातारीच. त्यांची तेवढीच विश्रांती.

मग आत्याची बोटं आखडायला लागली. सकाळी मूठ उघडत नाही, असं ती हसत सांगायची, देवाने कंजूष करून टाकलं मला. तिची मुलगी दूरच्या गावी होती, तिने बोलावून घेतलं. महिनाअखेरीस आत्या जाणार हे ठरलं.

ते ऐकल्यावर भात्याच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली. ती धून. आत्या जायच्या आत एकदा तिच्याबरोबर ती धून वाजवायची. का, हे त्याला नीट सांगता आलं नसतं. इतक्या वर्षांत आपण नेमकं काय वाजवलं, असं कोणी विचारलं असतं तर दाखवायला त्याच्याकडे काही नव्हतं. ती धून तेवढी होती, आणि ती त्याने उघडायच्या आधीच बंद केली होती.

एका दुपारी तो लवकर तळघरात गेला. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या, एकच दिवा लावलेला, फरशी ओली. आत्या पियानोपाशी बसून कोमट पाण्याच्या वाडग्यात बोटं बुडवून होती. त्याने विचारलं. न थांबता, एका दमात, सगळं बोलून टाकलं.

आत्याने बोटं पाण्यातून काढली, पुसली. नाही म्हणाली.

त्याने कारण विचारलं. तिने टाळलं. त्याने पुन्हा विचारलं, आणि मग ती बोलली, पहिल्यांदाच टोमणा न मारता.

"तुझ्या आतोबांना ती ओळ एका श्वासात जेमतेम निघायची. मग त्यांना दम घ्यायला वेळ लागायचा. लोकांना ते कळू नये म्हणून तेवढ्यात मी चार सूर वाजवायची. त्या चार सुरांसाठी ती धून बांधलीय मी. बाकीची तर कुणीही वाजवेल."

भात्याची नजर पियानोच्या पट्ट्यांवर गेली.

"तू पहिल्याच दिवशी त्या जागेवर बसलास," आत्या म्हणाली. "ऐसपैस."

तू तेव्हा सांगायचं होतंस, असं तो पुटपुटला. ती म्हणाली, सांगून थांबलेला माणूस वाट बघत असतो, ऐकत नसतो. पण तिचा आवाज मऊ झाला होता. वाडगं बाजूला सारून तिने विचारलं, थांबता येतं का तुला? वाजवून दाखव.

त्याने ओळ वाजवली. त्याला सगळं कळलं होतं, मनाची तयारी होती, जागा कुठे आहे हे ठाऊक होतं. ओळ संपली आणि गाल आपोआप भरले. नाकाने श्वास ओढला. सूर पुढे गेला. त्याने पुन्हा वाजवली. पुन्हा तेच. जसा तो शेवट जवळ येई तशी त्याची पाठ ताठ होई, खांद्यांच्या मध्ये कुठेतरी एक हात उचलला जातोय असं वाटे, आणि अंग स्वतःच्या जिवासाठी हवा ओढून घेई. ज्योत हलू द्यायची नाही. बाप जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, हात अजून जागेवर होता. भात्याला घाम फुटला. आपल्याला श्वास घेता येत नाही असं नव्हे, आपल्याला श्वास सोडून गप्प राहता येत नाही, हे त्याला त्या ओल्या फरशीवर उभं राहून कळलं. कुणी दार बाहेरून लावलेलं असतं तर ठोठावता तरी आलं असतं.

आत्या म्हणाली, राहू दे बाळा.

घरी गेल्यावर तो गॅलरीत बसून राहिला. बायको दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. तोंड का उतरलंय, तिने विचारलं. त्याने सांगितलं, आणि सांगताना पहिल्यांदा मध्ये थांबला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग दोरीवरचा एक चिमटा काढला, लाकडी, जुना, स्प्रिंग चांगली करकरीत असलेला, आणि सरळ त्याच्या नाकावर लावला.

"घ्या," ती म्हणाली. "आता ओढा बघू श्वास."

डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. पण त्याने सॅक्सोफोन उचलला. ओळ वाजवली, शेवट आला, गाल भरले, नाकाने हवा ओढायला गेला आणि वाट बंद. सूर घशात अडकून खेकसला, तोंड उघडलं, आणि तो पाण्याबाहेर काढलेल्या माणसासारखा तोंडाने श्वास घेत राहिला. बायकोला हसू आवरेना. समोरच्या गॅलरीतली म्हातारी बाहेर येऊन बघून गेली. पण सूर थांबला होता.

आता प्रश्न मॅनेजरचा. आत्याच्या शेवटच्या संध्याकाळी एक संथ धून वाजवू द्या, असं भात्याने विचारलं तर मॅनेजरने तोंड वाकडं केलं. लोक झोपतील, म्हणाला. निरोपाला हार आणू, केक आणू, पण भातेराव, सूर म्हणजे सूर. भात्याने नुसतंच सांगितलं की नाक बंद करून वाजवणार आहे, चिमटा लावून. मॅनेजर खुर्चीतून पुढे सरकला. त्याच्या डोळ्यांत दिवे लागले. नाक बंद करून? म्हणजे मग हवा येणार कुठून? भात्याने खांदे उडवले. मॅनेजरला जे समजायचं ते त्याने समजून घेतलं, आणि भात्याने ते समजू दिलं. ती संध्याकाळ येईपर्यंत तो रोज गॅलरीत चिमटा लावून वाजवत राहिला, पण आत्याला त्यातलं काही कळू दिलं नाही.

ती संध्याकाळ आली. तळघर गच्च भरलं. जाळीपाशीसुद्धा बूट खोळंबले होते. मॅनेजरने बातमी पिकवली होती. घड्याळवाल्याने घड्याळ काढून ठेवलं, शिवाय बरोबर एका मित्राला आणलं होतं, साक्षीला. गाणी झाली. भाता पुढे आला. सवयीने ड्रमवाल्याने काठ्या खिशात खोचल्या, बासवाला भिंतीकडे निघाला. आत्याही उठायला लागली होती, तेवढ्यात भात्याने मागे वळून तिच्याकडे पाहिलं आणि खिशातून चिमटा काढून नाकावर लावला.

सगळं तळघर हसलं. आत्या हसली नाही. ती परत खाली बसली.

भात्याने धून सुरू केली. नाक बंद असल्यामुळे त्याला स्वतःचा आवाज परक्यासारखा ऐकू येत होता, शेजारच्या खोलीतून यावा तसा. नाकातला तो जन्माचा वारा नव्हता. ओळ पुढे सरकली, संध्याकाळी घरी चाललेल्या माणसासारखी, कोपऱ्यापर्यंत आली. गाल भरले. पाठीवरचा हात उचलला. हवा ओढायला गेली आणि काचेवर पाखरू आदळावं तशी आपटली. सूर बेडकासारखा ओरडून फुटला, भात्याने तोंड उघडून मोठ्याने श्वास घेतला आणि तळघरात एकदम काहीच उरलं नाही.

हात पडला नाही.

त्या रिकाम्या जागेत आत्याने चार सूर वाजवले. आखडलेल्या बोटांनी, जरा मागेपुढे, एक तर नीट दबलाही नाही. उतरते सूर होते. जिन्यावर दमलेल्या माणसाला, घाई नाही, टेक हवं तर, असं म्हणणाऱ्या बाईसारखे. भात्याने ते पहिल्यांदा ऐकले. इतकी वर्षं ते त्याच्यापासून हातभर अंतरावर होते आणि तो त्यांच्यावर उभा होता.

मग पुन्हा ओळ, पुन्हा जागा. या वेळी सूर बेडूक न होता थांबला. चिमट्याच्या आधी तोच थांबला की चिमट्याने थांबवला, हे त्याला सांगता आलं नसतं. आत्याने पुन्हा चार सूर दिले, आणि त्याला वाटलं, ही जागा कधी भरू नये.

धून संपली तेव्हा काही लोकांनी टाळ्या वाजवल्या, भांबावल्यासारख्या. मागून कुणीतरी म्हणालं, फाटला भाता. हशा झाला. घड्याळवाला घड्याळ कानाशी धरून बघत होता, जणू चूक त्याचीच असावी. मॅनेजर पुढे धावला आणि हसतहसत जाहीर केलं की आज नुसती झलक होती, सराव चालू आहे, पुढच्या आठवड्यात पाहा.

आत्या पियानोच्या पट्ट्या फडक्याने पुसत होती. भाता तिच्याजवळ गेला, नाकावर दोन लाल खुणा घेऊन.

"पहिल्यांदा बेडूक झाला होतास," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा बरा थांबलास."

एवढंच. मग तिने फडकं त्याच्या खांद्यावर टाकलं, त्याचा हात धरला, आणि दोघं मागच्या पायरीवर जाऊन बसली. चहा गार झाला होता. भात्याने तो तसाच, घोट घोट, थांबत थांबत प्यायला.

आत्या गेली. मॅनेजरने पाटी नवी रंगवून घेतली. 'नाक बंद, सूर चालू.' लोकांनी आगाऊ टेबलं सांगून ठेवली होती. भात्याने मॅनेजरला समजावून सांगितलं की नाक बंद असल्यावर हे होत नसतं, कुणाच्या बापाला होत नाही. मॅनेजरने शांतपणे ऐकलं. मग टेबलाच्या खणातून एक चिमटा काढला, रंगवलेला, लाल. त्याची स्प्रिंग वाकवून ढिली केलेली होती. नाकावर नुसता बसायचा, दाबायचा नाही.

"भातेराव, लोकांना दिसलं म्हणजे झालं," मॅनेजर म्हणाला.

भात्याने तो हातात घेतला. वजनाला काहीच नव्हता. परत ठेवावा असं त्याला वाटलं. ड्रमवाला दारात उभा होता, पाठीवर हात ठेवून. भात्याने चिमटा खिशात टाकला.

सकाळी तो गॅलरीत जुना चिमटा दोरीवरून काढतो आणि नाकावर लावतो. बायको कपडे वाळत घालत असते. तो धून वाजवतो, ओळ संपते, तो थांबतो. पियानो नसतो. जेवढा वेळ आत्याचे चार सूर घेतील तेवढा वेळ तो गप्प उभा राहतो. पहिल्या दिवशी बायकोने विचारलं होतं, झालं का? त्याने मान हलवून नाही म्हटलं. तेव्हापासून तीही तेवढा वेळ ओला सदरा हातात धरून थांबते, पाणी तिच्या पायांवर ठिबकत राहतं, आणि तो पुन्हा सुरू झाला की झटकून दोरीवर टाकते. मग म्हणते, द्या आता माझा चिमटा.

संध्याकाळी तो जिना उतरतो, खांदा भिंतीला घासत. कोटाचं बटण लावतो, लाल चिमटा नाकावर ठेवतो. लोक हसतात, मग गप्प होतात. घड्याळवाला घड्याळ काढून ठेवतो. आत्याच्या खुर्चीवर नवा पियानोवाला असतो, चांगला माणूस आहे, तो उठताना खुर्चीचा आवाज होऊ देत नाही. मागचं दार उघडतं, बंद होतं. वर जाळीतून बूट जात असतात.

भाता सूर धरतो. गाल भरतात. लाल चिमट्याखालून हवा आत येत राहते.